नऊ मात्रांचा केरवा

ढोलाचं वजन कमरेला कळतं. पट्टा आवळून नऊ-दहा किलो पोटावर घ्यायचे, वाकडी बारवेपासून निघायचं आणि मेन रोड, रविवार कारंजा करत पंचवटीपर्यंत वाजवत जायचं. मी हे सोळा वर्षं केलं. 2023 च्या विसर्जनानंतर कंबर धरली ती सुटलीच नाही. एमआरआय झाला, डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली, एल-फोर आणि एल-फाइव्हच्या मधली गादी दाखवली आणि म्हणाले, "ढोल विसरा." मी म्हटलं, ताशा? त्यांनी फिल्म पाकिटात घातली.

तीन-चार महिने हाताला काही नव्हतं. टेबलावर, स्टीअरिंगवर, जेवणाच्या ताटावर बोटं वाजायची आणि बायकोचे डोळे मोठे व्हायचे. फेब्रुवारी 2024 मध्ये कॉलेज रोडवरच्या एका दुकानात मुलाला गिटारच्या तारा घ्यायला गेलो होतो. भिंतीवर युकुलेले टांगलेलं दिसलं, गिटारसारखंच पण चार तारांचं आणि इवलंसं. हातात घेतलं. पाऊण किलोसुद्धा भरलं नसतं. माझ्या डोक्यात दुसरा कुठलाही विचार नव्हता, फक्त वजन. साडेतीन हजारांच्या आत कॉन्सर्ट साइजचं मिळालं. सोप्रानो त्याहून लहान असतं, पण माझी बोटं बघून दुकानदारच म्हणाला, "साहेब, ते नका घेऊ."

मी अंबडच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये क्वालिटीला आहे. दिवसभर गेज, व्हर्नियर, ड्रॉइंग, रिजेक्शन. हे सांगतोय कारण पुढचा सगळा घोटाळा याच सवयीतून झाला आणि निस्तरलाही त्याच सवयीने.

पहिले दोन महिने मजेत गेले. नायलॉनच्या तारा असतात, त्यामुळे गिटारइतकी बोटं सोलत नाहीत. दुखतात, पण आठवड्याभरात सरावतात. नव्या तारा मात्र ताणल्या जाईपर्यंत सारख्या उतरतात. संध्याकाळी सुरात लावून ठेवलं तर सकाळी बेसूर. मला वाटलं माल खराब आला, परत द्यायला निघालो होतो. मुलगा म्हणाला, "बाबा, थांबा, आठवडाभर रोज लावत राहा." तेच खरं होतं.

कॉर्ड म्हणजे एकदम वाजणारे तीन-चार सूर, आणि ते निघावेत म्हणून बोटांनी धरायचा आकार. सी हा पहिला कॉर्ड, एकाच बोटाचा. ए मायनरही एकाच बोटाचा. एफला दोन बोटं, जी सेव्हनला तीन. एवढ्या चार आकारांवर अर्धी हिंदी गाणी ढोबळमानाने निघतात. एप्रिलपर्यंत मला स्वतःचं फार कौतुक वाटायला लागलं होतं. पथकातल्या पोरांना व्हिडिओ पाठवले, त्यांनी अंगठे दाखवले.

मग मी टार्गेट लावलं. रोज तीस मिनिटं. वही आखली: तारीख, मिनिटं, टिक. रविवारी साठ. पहिल्या शिफ्टला सात ते साडेतीन, घरी येऊन चहा, मग गच्चीवर. आमच्या पाथर्डी फाट्याच्या गच्चीवरून पांडवलेण्यांचा डोंगर समोर दिसतो, त्याच्याकडे तोंड करून वाजवायचं. सेकंड शिफ्ट असेल तर रात्री, तारांखाली ब्रिजजवळ मोजा कोंबून, म्हणजे घर झोपलेलं राहतं. एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या वीस तारखेपर्यंत एकही टिक चुकली नाही. आणि त्या दोन महिन्यांत माझ्या वाजवण्यात रत्तीभर फरक पडला नाही.

हे लगेच लक्षात येत नाही. रोज अर्धा तास वाजवतोय, घाम गाळतोय, वही भरतेय, म्हणजे काहीतरी होतच असणार असं धरून चालतो आपण. एके दिवशी पथकातला एक मित्र घरी आला आणि म्हणाला, "हेच गाणं तू एप्रिलमध्ये पाठवलं होतंस ना?" त्याला काही सुचवायचं नव्हतं, सहज बोलला. मी फोनमधला जुना व्हिडिओ काढला आणि त्याच संध्याकाळी नवा केला. डोळे मिटून ऐकलं तर कुठला कुठला ते मला सांगता आलं नाही.

याला सगळे पठार म्हणतात. मला तो शब्द पटत नाही. अंजनेरी चढताना पायऱ्या संपून पठार लागतं तेव्हा बरं वाटतं, वारा लागतो, तळ्याकाठी बसून दशम्या खाता येतात. माझं जे झालं होतं ते म्हणजे चिखलात गाडीचं चाक जागच्या जागी फिरावं तसं. पेट्रोल जळतंय, किलोमीटर पडत नाहीत.

पहिला उपाय मी चुकीचा केला: तीस मिनिटांची पंचेचाळीस केली. पंधरा दिवस तेही झालं. डाव्या हाताचं मनगट मात्र दुखायला लागलं.

आमच्या भिंतीला भिंत लागून काकू राहतात. पासष्टीच्या आहेत, भजनी मंडळात पेटी वाजवतात. त्यांच्या बैठकीच्या खोलीत माझी गच्चीवरची मेहनत नसेल, पण रात्रीची मोजा घातलेली सगळी पोचत होती. एका संध्याकाळी जिन्यात भेटल्या.

"काय रे ते तुझं वाद्य, सूर काय काय आहेत त्याला?"

मी जी, सी, ई, ए असं सांगायला लागलो. त्यांनी हात वर केला, क्षणभर पुटपुटल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे पांढरी एकला सा धरला तर प सा ग ध. आणि पंचम आधी आला?"

चार महिने वाजवून हे मला सुचलं नव्हतं. युकुलेलेची चौथी तार, डोळ्यांना सगळ्यात जवळची, जाड आणि खर्जाची असेल असं वाटतं. ती तशी नसते. तो मधल्या सप्तकातलाच पंचम असतो, पुढच्या सा आणि ग या दोन्हींपेक्षा चढा. त्यामुळे वरून खाली हात फिरवला की सूर चढत जात नाहीत, उडी मारून खाली येतात आणि पुन्हा वर जातात. त्याचा तो खुळखुळ्यासारखा आवाज यातूनच येतो. हवाईमध्ये युकुलेले या शब्दाचा अर्थ उड्या मारणारी पिसू असा लावतात. 1879 साली पोर्तुगालच्या मदेइरा बेटांवरून 'रेव्हन्सक्रॅग' नावाच्या जहाजाने मजूर होनोलुलूला गेले, उसाच्या मळ्यांत राबायला, आणि त्यांच्यातल्या लाकूडकाम येणाऱ्या तिघांनी आपल्या गावचं छोटं तंतुवाद्य तिथे घडवायला सुरुवात केली. ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर वाद्यं फिरतात हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको.

काकूंना मी विचारलं, "रात्री त्रास होतो का?"

"त्रास नाही रे. पण आठ मात्रांचा केरवा तू नऊ मात्रांचा करतोस. मी झोपेत मोजते आणि चुकते."

हे मला लागलं. सोळा वर्षं ढोल वाजवलेल्या माणसाला ताल चुकतो म्हणणं म्हणजे सुताराला करवत धरता येत नाही म्हणण्यासारखं. ताल आपल्याला येतो हे मी गृहीत धरलं होतं. म्हणून तर चार महिने सगळं लक्ष डाव्या हातावर होतं. उजव्या हाताची तपासणी मी कधी केलीच नव्हती.

त्या रात्री फोनवर एक मिनिट रेकॉर्ड केलं आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनच्या मागे बसून इअरफोन लावला. मांडीवर केरवा धरला. धा गे ना ती ना क धि ना. सी ते ए मायनर ठीक. ए मायनर ते एफ ठीक. एफवरून जी सेव्हनवर जाताना माझा हात मांडीवर पडला आणि कानात काहीच नाही. मग अर्ध्या श्वासाएवढी पोकळी. मग जी सेव्हन. प्रत्येक आवर्तनात, त्याच जागी. नववी मात्रा तिथे होती.

कारखान्यात असा पीस आला असता तर मी काय केलं असतं? सगळी बॅच पुन्हा मशीनवर चढवली नसती. कुठलं माप बाहेर जातंय ते पाहिलं असतं. आणि मी दोन महिने काय करत होतो? अख्खं गाणं पहिल्या ओळीपासून, रोज दहा वेळा. म्हणजे चांगले कॉर्ड दहा वेळा पॉलिश होत होते आणि खराब जागा दहा वेळा खराबच वाजून आणखी पक्की होत होती.

वहीचं पान फाडलं. मिनिटांचा रकाना काढून टाकला. त्या जागी जोड्या लिहिल्या: सी-एफ, एफ-जी सेव्हन, ए मायनर-एफ, जी सेव्हन-सी. फोनमध्ये एक मिनिट लावायचं आणि त्या मिनिटात एका कॉर्डवरून दुसऱ्यावर किती वेळा स्वच्छ जाता येतं ते मोजायचं. एखादी तार खरखरली तर तो मोजायचा नाही, रिजेक्ट. पहिल्या दिवशी सी-एफ 34. एफ-जी सेव्हन 17. आकडा पाहून बरं वाटलं. विचित्र आहे, पण दोन महिन्यांनी पहिल्यांदा मला माझा आजार कुठे आहे ते दिसत होतं.

मग मुलाला फोन धरायला लावून स्लो मोशनमध्ये बोटांचा व्हिडिओ काढला. हे सगळ्यांनी करावं, फुकट आहे. दांडीवर धातूच्या आडव्या काड्या असतात, त्यांच्यामधल्या घराला मी पट्टी म्हणतो. एफमध्ये तर्जनी दुसऱ्या तारेवर पहिल्या पट्टीत असते आणि मधलं बोट चौथ्या तारेवर दुसऱ्या पट्टीत. जी सेव्हनमध्ये तर्जनी कुठे असते? दुसऱ्या तारेवर, पहिल्या पट्टीत. तिथेच! तिला हलायचं कारणच नाही. मधलं बोट शेजारच्या तिसऱ्या तारेवर सरकतं, अनामिका पहिल्या तारेवर टेकते, संपलं. आणि व्हिडिओत माझी तिन्ही बोटं एकदम हवेत उडत होती, इंचभर वर, जणू तार तापली आहे, आणि मग एकेक करत जागा शोधत उतरत होती.

तर्जनी खिळ्यासारखी रोवून फक्त बाकीची दोन हलवायची. चार दिवसांत 17 चे 26 झाले. याच रीतीने जी सेव्हनवरून सीवर जाताना अनामिका उचलायची नसते, त्याच तारेवरून एक पट्टी पुढे घसरवायची असते. हे कुठल्याही शिकवणाऱ्याने पहिल्या आठवड्यात सांगितलं असतं. पण मी शिकवणी लावली नव्हती, मला ताल येत होता ना.

पोकळी तरीही पूर्ण गेली नाही. लहान झाली. परत व्हिडिओ पाहिला, या वेळी उजवा हात. डावा हात बदलायला लागला की उजवा हवेत थांबून त्याची वाट पाहत होता. शिस्तीत, दार उघडून धरल्यासारखा.

आणि हे मला माहीत होतं. पथकात नव्या पोरांना मीच हे ओरडून सांगायचो. टिपरू हातातून निसटलं तर थांबायचं नाही, कमरेला खोचलेलं दुसरं काढायचं, तोवर दुसऱ्या पानावरची थाप चालू. वादक थांबला की मागची रांग अडखळते. शंभर पोरांना सांगितलेली गोष्ट मी स्वतः युकुलेलेवर पाळत नव्हतो, कारण माझ्या मते इथे मी नवा होतो आणि तालाचा भाग मला आधीच येत होता.

जुलैचे पहिले दहा दिवस डाव्या हाताने तारा नुसत्या दाबून मुक्या केल्या, सूरच नाही, आणि उजव्याने फक्त खसखस. मेट्रोनोमवर, म्हणजे लय मोजून देणाऱ्या टिकटिकीवर, मिनिटाला साठचा ठोका. हात सतत खाली-वर, तारेला लागो न लागो. मग डावा हात घातला, पण अट अशी की डावा चुकला तर चुकू दे, अर्धा कॉर्ड येऊ दे, मुका येऊ दे, उजवा थांबणार नाही. पहिले तीन दिवस ऐकवत नव्हतं. काकूंनी भिंतीवर टकटक केली. मला वाटलं तक्रार आहे. नंतर कळलं, त्या ठेका धरत होत्या.

आणखी एक गोष्ट निघाली. ढोलाचा मार खांद्यातून येतो. मी युकुलेलेही कोपरातून हाणत होतो, म्हणून वेग वाढवला की हात आखडायचा. इथे कोपर जवळपास स्थिर आणि मनगट सैल लागतं, ओल्या हाताचं पाणी झटकावं तसं. सोळा वर्षांची सवय मोडायची होती. अजूनही जोशात आलो की खांदा येतो.

जुलैच्या मध्याला काकूंनी हुकूम सोडला. "गणपतीत सोसायटीच्या आरतीला माझ्या पेटीबरोबर बस." 7 सप्टेंबरला चतुर्थी. माझ्या हातात सात-साडेसात आठवडे. पहिल्यांदाच असं झालं की टार्गेट मी लावलेलं नव्हतं आणि त्याला तारीख होती.

"कुठल्या पट्टीत गाता?"

"काळी पाच."

घरी येऊन पाहिलं. काळी पाच म्हणजे बी फ्लॅट. ज्यांनी युकुलेले धरलं आहे ते इथे हसतील. सुरुवातीच्या कॉर्डांतला हा सगळ्यात खवट. तर्जनी आडवी करून पहिल्या पट्टीत खालच्या दोन तारा एकाच बोटाने दाबायच्या, मधलं बोट तिसऱ्या तारेवर दुसऱ्या पट्टीत, अनामिका चौथ्या तारेवर तिसऱ्या पट्टीत. पहिल्या मिनिटात स्वच्छ आले सात. तीन आठवडे त्याच्याशी झटलो. जोर लावून काही होत नाही. अंगठ्याने मागून दाबत राहिलो तर फक्त मनगट दुखतं. उपयोग झाला तो दोन गोष्टींचा. बोट पट्टीच्या धातूच्या अगदी लगत ठेवायचं, मधोमध नाही. आणि तर्जनी जराशी अंगठ्याच्या बाजूच्या कडेवर कलती करायची, तिथे मांस कमी आणि हाड जास्त. मग दाब किती लागतो ते मी गेज लावल्यासारखं शोधलं: आधी तार खरखरेल इतकंच हलकं टेकायचं, मग आवाज स्वच्छ होईपर्यंत केसभर वाढवायचं आणि तिथे थांबायचं. लागतो त्याच्या दुप्पट जोर मी लावत होतो.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात बी फ्लॅट मिनिटाला 19. अभिमानाने मुलाला दाखवलं. तो म्हणाला, "कॅपो का नाही लावत?"

कॅपो म्हणजे पट्टीवर बसवायचा चिमटा, सगळ्या तारा एकदम दाबतो. पहिल्या पट्टीत लावला की ए चा आकार धरला तरी बी फ्लॅट ऐकू येतो, डी चा धरला तर ई फ्लॅट, ई सेव्हनचा धरला तर एफ सेव्हन. तीन सोपे आकार, काकूंची काळी पाच हजर. चिमटा मुलाच्याच गिटारवर गेली दोन वर्षं लटकत होता. त्याला मी काय बोललो ते इथे लिहीत नाही.

तीन आठवडे वाया गेले का? मला तसं वाटत नाही. त्या आडव्या तर्जनीने बाकीचे कॉर्ड आपोआप हलके झाले होते. पण ठरवून केलं होतं असंही म्हणणार नाही.

मग पुन्हा चाक फिरायला लागलं, या वेळी वेगावर. साठ, चौसष्ट, अडुसष्ट असं चार-चारने चढवत चौऱ्याऐंशीपर्यंत पोचलो आणि तिथे अडकलो. अठ्ठ्याऐंशीला हात गुंता करायचा. जोड्या मोजल्या, व्हिडिओ पाहिला, कारखान्यात करतो तशी 'हे का, ते का' अशी सगळी व्हाय-व्हाय केली, यात एकही बोट दोषी सापडेना. शेवटी व्हायरल तापाने चार दिवस आडवा पडलो, वाद्याला हात नाही. पाचव्या दिवशी घाबरत बसलो तर अठ्ठ्याऐंशी सहज गेलं. ब्याण्णव गेलं नाही, पण अठ्ठ्याऐंशी गेलं. रोज टिक न चुकवणाऱ्या माणसाला हे पचायला जड जातं. तेव्हापासून बुधवारी सुट्टी, आणि एका बैठकीऐवजी सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं.

पण आरती काय ब्याण्णववर थांबते? दुसऱ्या कडव्यापासून टाळ्या पळायला लागतात, शेवटाला पोरं झांजा घेऊन सुटतात. काकूंबरोबर दोन तालमी केल्या आणि दोन्ही वेळा मी मागे राहिलो. तेव्हा त्यांनीच सोडवलं. "सगळं कशाला वाजवतोस? समेवर एक आणि खालीवर एक मार. मधलं टाळ भरतील." म्हणजे पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर, आठांतले दोनच फटके. मला ते हरल्यासारखं वाटलं. आठ दिवस मी ऐकलं नाही, चोरून पूर्ण ठेकाच घोटत होतो. एकतीस ऑगस्टला मान्य केलं.

चतुर्थीला संध्याकाळी पार्किंगमध्ये मांडव, बाहेर भुरभुर पाऊस. दमट हवेत तारा हलतात म्हणून तीन वेळा सूर लावून घेतला. काकूंची पेटी, एक ढोलकी, चार जोड्या झांजा, पन्नास-साठ माणसं. आरती सुरू झाली आणि मला कळलं की माझं वाद्य कुणालाच ऐकू येणार नाहीये. मला स्वतःला येत नव्हतं. झांजांपुढे युकुलेले म्हणजे वरातीत डास. हाताच्या अंदाजाने वाजवत होतो, सम आणि खाली, सम आणि खाली. तिसऱ्या आरतीत ई सेव्हन चुकला, काहीतरी भलतंच दाबलं गेलं, आणि हात पुढे निघून गेला होता. पुढच्या समेला डावा त्याला येऊन मिळाला. शेजारी उभ्या असलेल्या काकूंच्या नातीने तेवढं माझ्याकडे वळून पाहिलं.

प्रसाद वाटताना काकू म्हणाल्या, "आठ होत्या आज." आणि मग, "माझी बहीण येतेय गौरी जेवायला. तिचा आवाज काळी चारचा आहे."

रात्री बसून काढलं. कॅपो पहिल्याच पट्टीत, पण आकार जी, सी आणि डी सेव्हन. डी सेव्हनला तर्जनी चारही तारांवर आडवी आणि मधलं बोट पहिल्या तारेवर एक पट्टी पुढे. वहीत नवं पान काढलं. जी-डी सेव्हन: 6.